खोबणीतलं नाव

३ एप्रिल, सोमवार

तोक्योतल्या ओचानोमिझूच्या उतारावर आज पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून नाही, कामावर रुजू व्हायला आले. स्टेशनपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना वाद्यांची दुकानं, पाठीवर गिटारच्या पेट्या घेतलेली मुलं, आणि पुलाखाली नदीच्या पाण्यावर साचलेल्या चेरीच्या पाकळ्या. हवा छान होती. मी खूश होते. हे मुद्दाम लिहिते, कारण असं माझं नेहमी होत नाही.

दुकान मागच्या गल्लीत, औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर आहे. तिथे फक्त जुने, चार तारांचे बास गिटार मिळतात. नवीन काही नाही, सहा तारांचं तर नाहीच. मालक नेगोरोसान साठीचे, पोट सुटलेले, आवाज मोठा. सगळे त्यांना तेंचो, म्हणजे दुकानाचे प्रमुख, म्हणतात. माझा अर्ज न वाचताच त्यांनी विचारलं, "मोजमापाची यंत्रं तपासायचीस म्हणे. तिथली माणसं इकडे येतात ती दोनच कारणांनी. कंपनी उठली, नाहीतर लग्न मोडलं. तुझं कुठलं?" मी म्हटलं, कंपनी क्यूशूला गेली आणि मी गेले नाही. ते म्हणाले, "म्हणजे लग्न अजून मोडायचंय." मी हसले नाही. ते दोघांच्या वाट्याचं हसले.

काम मला आवडणार. विकायला आलेला बास खरा कोणत्या सालचा, त्यातलं मूळचं काय आणि नंतर बदललेलं काय, हे ठरवायचं. आवाजाच्या बटणांच्या पाठीवर ठोकलेले आकडे, सोल्डरच्या सांध्यांचा रंग, स्क्रूच्या डोक्यांवरच्या खुणा. जांभळ्या दिव्याखाली जुनं रोगण हिरवट पिवळं उजळतं, नवं काळं राहतं. आणि सगळ्यात शेवटी झीज पाहायची: उजवा हात टेकतो तिथलं उडालेलं रोगण, मागच्या बाजूला पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे, दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे फ्रेटवर, तारांनी पाडलेल्या खाचा. इतर धंद्यांत झीज हा दोष असतो. इथे तो पुरावा असतो.

दुपारी तेंचोंनी करी खाऊ घातली. भात थोडा जास्त शिजला होता. बाकी दिवस निर्दोष.

७ एप्रिल, शुक्रवार

आज मागच्या खोलीतला बास तपासायला मिळाला. साठच्या दशकाच्या सुरुवातीचा, अमेरिकन. कडेला काळसर आणि मध्यावर मधासारखा रंग. तेंचोंनी तो काचेच्या कपाटातून स्वतः काढून दिला आणि म्हणाले, "हा खोटा ठरवून दाखव. आठवडाभर जेवण माझ्याकडून."

ठरवता आला नाही. सगळ्या बटणांवरचे आकडे जुळतात. सांधे मुळातले आहेत, त्यांच्यावर पुन्हा कुणी डाग दिलेला नाही. आतल्या विजेच्या तारांवर कापडाचं वेष्टण आहे. रोगण सगळीकडे सारखं उजळतं. एकच गोष्ट पटली नाही. त्याच्यावर झीज नाही. साठ वर्षं पलंगाखाली पेटीत पडून राहिलेले बास असतात, ते मला माहीत आहे. पण हा दुकानात आल्यापासून रोज वाजतो. वाजतं न ठेवलेलं लाकूड झोपतं असं इथे मानतात, म्हणून दुरुस्तीचं काम करणारे तोकितासान हा रोज सकाळी वाजवतात. मग फ्रेटवर खाचा का नाहीत, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, जुन्या काळचा धातू चांगला होता. हे उत्तर बरोबर नाही. त्या काळचा धातू आजच्याहून मऊ असायचा.

तोकितासान पन्नाशीचे आहेत आणि सत्तरीचे दिसतात. अंग चिवट, बाह्या मनगटापर्यंत, बोलणं तोंडातल्या तोंडात.

दुकानाची एक रीत आहे. जुन्या कारखान्यांत कामगार दांडीच्या टोकाला, जो भाग बॉडीच्या खोबणीत बसतो तिथे, शिसपेन्सिलने आपलं नाव किंवा तारीख लिहायचे. इथे ज्याने बास अस्सल असल्याचं सांगितलं तो तिथेच आपलं नाव लिहितो. शब्द दिला तर नावानिशी द्यायचा, असं तेंचो म्हणतात. मला ती रीत आवडली. तोकितासाननी चारही स्क्रू काढून दांडी उचलली. टोकाला त्यांचं नाव होतं. पेन्सिल त्यांनीच टोक करून हातात दिली. तेंचो म्हणाले, "एवढा उत्साह याने स्वतःच्या लग्नातही दाखवला नव्हता." तोकितासान हसले नाहीत. पूर्ण नाव लिहा, आडनावासकट, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी लिहिलं: कुवाबारा चिसे. शेवटची रेघ संपताच त्यांनी वरच्या आपल्या नावावरून अंगठा फिरवला. फळ्यावरच्या खडूसारखं ते गेलं. जागा लहान आहे, दोन नावं नकोत, असं ते म्हणाले.

मग दांडी बसवून ते माझ्यापुढे वाकले. एवढ्याशा कामाला जितकं वाकावं त्याहून बरंच खाली.

१८ एप्रिल, मंगळवार

आता तो बास रोज सकाळी मीच वाजवते. तोकितासाननी त्या कामातून अंग काढून घेतलं आहे. आवाजाचं वर्णन करणं माझं काम नाही, तरी लिहिते: खालची तार सोडली की स्वर आधी बरगड्यांत लागतो आणि मग कानाला येतो. असा बास मी आजवर वाजवलेला नाही.

काल तोकितासाननी त्याच्या दांडीतली लोखंडी सळई थोडी आवळली, कारण ऋतू बदलल्यावर दांडी वाकते. काल दुपारभर माझी पाठ ताठून राहिली. दुकानातल्या खुर्च्या वाईट आहेत. तेंचोंना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, खुर्च्याही मूळच्याच आहेत, बदलल्या तर किंमत उतरेल.

फोन माझं बोट ओळखत नाही. तारांमुळे बोटांची कातडी जाड होते, म्हणून पुन्हा ठसा दिला. तो दोन दिवस चालला. आज भिंगाखाली पाहिलं. कातडी जाड झालेली नाही. रेषा उथळ झाल्या आहेत.

२९ एप्रिल, शनिवार

सलग सुट्ट्या सुरू झाल्या आणि दुकानात उभं राहायला जागा नव्हती. एक गृहस्थ मागच्या खोलीतला बास हाताळायला मागत होते. कमरेला मोठं धातूचं बकल. मी त्यावर रुमाल बांधायला सांगितलं. त्यांनी हो म्हटलं आणि बांधला नाही. बास परत घेतला तेव्हा मागच्या बाजूला मध्यापासून डावीकडे तिरका ओरखडा होता, मध्येच तुटलेला. तेंचोंनी त्यांना जिन्यापर्यंत हसत पोहोचवलं. वर आल्यावर म्हणाले, "या माणसाच्या पुढच्या सात जन्मांत याला चार तारा नशिबी नसोत." तोकितासान माझ्याकडे पाहत होते. ओरखड्याकडे नाही, माझ्याकडे.

मी नोंदीसाठी त्याचा फोटो काढला.

३० एप्रिल, रविवार

ओरखडा नाही.

पहिला विचार या धंद्यातल्या कुणालाही येईल तोच आला: बॉडी बदलली. कुणीतरी जोडीचा बास ठेवून खरा पळवला. लाकडाच्या रेषा फोटोशी ताडून पाहिल्या. बोटांच्या ठशांसारख्या त्याही दोन लाकडांवर सारख्या नसतात. बॉडी तीच आहे. मग कुणी घासून पुन्हा रोगण दिलं का? जांभळा दिवा लावला. सगळीकडे सारखी हिरवट चमक. त्या जागी कुणीही, कधीही काही केलेलं नाही.

अंघोळ करताना पाठीला पाणी झोंबलं नाही, म्हणून आधी लक्षात आलं नाही. आरशात दिसलं. मध्यापासून डावीकडे, तिरका, मध्येच तुटलेला. फोन आरशाशेजारी धरून बराच वेळ पाहिलं. मी पट्टा वापरत नाही. घरी मी एकटी राहते.

२ मे, मंगळवार

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मी शिकलेली आहे. म्हणून आज चाचणी केली. बॉडीच्या खालच्या कडेला, सहज दिसणार नाही अशा जागी, स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बारीक खळगा पाडला. मूळ रोगणावर मुद्दाम ओरखडा काढणारी मी या गल्लीतली पहिलीच असेन. हात स्थिर होता. तेव्हा अंगात काहीही जाणवलं नाही.

४ मे, गुरुवार

काल दुकानाची सुट्टी होती. आज खळगा नाही.

माझ्या डाव्या कुल्ह्यावर आहे. मसुराच्या दाण्याएवढा. दाबला तर वर येत नाही, आजूबाजूची कातडी हलते आणि तो तसाच राहतो. रक्त नाही, सूज नाही. दुखत असता तर बरं वाटलं असतं.

वाजवणं बंद केलं. तेंचोंना सांगितलं, मनगट दुखतंय. ते म्हणाले, मग मी वाजवतो, आणि जाड नखांनी त्यांनी त्या खालच्या तारा ओढल्या. तारांखाली आवाज टिपणारा पिकअप असतो, त्याच्याजवळच्या लाकडावर त्यांची नखं आपटत होती. मी बाहेर जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा उजव्या छातीखाली बारीक, आडव्या, ताज्या रेषा होत्या.

म्हणजे मी वाजवते की नाही, याचा संबंध नाही.

१२ मे, शुक्रवार

थंड पाण्याने दातांत कळ येते म्हणून दंतवैद्याकडे गेले. बाई चांगल्या आहेत, बडबड्या. झोपेत दात खाता का, असं त्यांनी विचारलं. मग भिंग लावल्यावर त्यांची बडबड थांबली. आधी त्या म्हणाल्या, शिवणकाम करता का? दोरा दातांनी तोडणाऱ्या बायकांच्या पुढच्या दाताला अशी खाच पडते, पण ती एका दाताला, एकच. तुमच्या सगळ्या दातांना आहे. दाढांनासुद्धा. आणि प्रत्येकावर चार.

त्यांनी मला छोट्या आरशात दाखवलं. चार खाचा, एकसारख्या अंतरावर. जाड, तिच्याहून बारीक, तिच्याहून बारीक, बारीक. ती अंतरं मला मोजावी लागली नाहीत. बासच्या तारांमधली तीच अंतरं मी रोज व्हर्नियरने मोजते.

१३ मे, शनिवार

तोकितासानना गाठलं. तेंचो जेवायला गेले होते. मी काही विचारलं नाही, फक्त ओठ मागे ओढून दात दाखवले. ते स्टुलावर बसले. मग त्यांनी तोंडात बोट घातलं आणि वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे काढून कामाच्या टेबलावर ठेवले. कवळी बसवल्याला किती वर्षं झाली ते त्यांनी सांगितलं नाही. बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी नव्हती म्हणता येणार नाही, पण ती कातडीसारखी नव्हती. जुन्या पायरीच्या दगडासारखी गुळगुळीत.

ते काय म्हणाले ते क्रमाने लिहिते. ज्याचं नाव खोबणीत असेल त्याला त्या बासची झीज लागते. बास जसा आहे तसाच राहतो. नाव खोडलं तर जात नाही. ते जातं फक्त दुसऱ्या कुणी तिथे नाव लिहिल्यावर, आणि ते ज्याचं त्याने, आपल्या हाताने लिहायला हवं. त्यांनी एकदा मेलेल्या काकाचं नाव लिहून पाहिलं होतं, उपयोग झाला नाही. त्यांच्याकडून ते नाव लिहवून घेणारा माणूस साप्पोरोचा होता, आणि त्यानेही त्यांच्यापुढे असंच खाली वाकून घेतलं होतं. तेंचोंना काही माहीत नाही. सांगितलं तर ते हसतील.

मी विचारलं, मीच का? ते म्हणाले, "तुम्ही नीट लिहाल असं वाटलं. काही लोक नुसती आद्याक्षरं टाकतात, त्याने भागत नाही." मग कवळी बसवली आणि म्हणाले, तुमची कातडी अजून तरुण आहे, बराच काळ पुरेल.

मी त्यांना मारलं नाही. हात उचलावासा वाटला, एवढं नोंदवते.

१५ मे, सोमवार

दांडी उघडली. माझं नाव आहे. पण आता ते रोगणाच्या खाली आहे. मी ते उघड्या लाकडावर लिहिलं होतं, आणि दांडीच्या या टोकाला रोगण कधीच नव्हतं. जांभळा दिवा लावला. नावावरचं रोगण हिरवट पिवळं उजळलं. साठ वर्षांपूर्वीचं.

खोडरबर नुसतं घसरलं. बारीक सॅंडपेपर हातात घेतला. लाकडाला लावला नाही. तो कुठे लागेल ते मला कळत होतं.

१६ मे, मंगळवार

कुणाचं तरी नाव हवं. दिवसभर गिऱ्हाइकांकडे त्या नजरेने पाहत होते. हा विचार मला जड गेला नाही. तेही नोंदवते.

शेवटी तेंचोंना विचारलं. दुकानातला सगळ्यात मोठा माल, त्यावर माझ्यासारख्या नवखीचं नाव बरं दिसत नाही, तुमचं हवं. ते खूश झाले. म्हणाले, "एवढ्या वर्षांत कुणाला हे सुचलं नाही. तोकिताला तर नाहीच." तोकितासान समोरच सोल्डर करत होते. त्यांनी मान वर केली नाही. तेंचो म्हणाले, आज चष्मा घरी राहिलाय, उद्या सुट्टी, परवा सकाळी आल्या आल्या पहिलं काम हेच.

ते चांगले आहेत. मला रोज जेवू घालतात. परवा सकाळी.

१८ मे, गुरुवार

कपाट रिकामं.

काल सुट्टीच्या दिवशी ओसाकाचे कोणी मिशिनासान आले. मोठ्या बँडमध्ये वाजवतात. तेंचोंनी त्यांच्यासाठी दुकान उघडलं. वर्षानुवर्षं योग्य माणसाची वाट पाहत होतो, असं सांगत होते. मी सहीचं विचारलं. म्हणाले, "अरे हो. राहिलंच. बरं झालं ना, तुझंच नाव ओसाकाभर फिरेल."

तोकितासान आज कामावर आले नाहीत.

२३ मे, मंगळवार

मिशिनासान रोज कार्यक्रम करतात. ओसाका, कोबे, ओकायामा. अंगठ्याने तारा ठोकून वाजवायची त्यांची पद्धत आहे. कार्यक्रमांचे तुकडे लोक फोनवर टाकतात, मी ते पाहते. प्रेक्षक छान टाळ्या देतात.

संध्याकाळी साडेसातला सुरू होतं. जेवण आधी उरकून घेते, कारण नंतर चावता येत नाही.

कपाळाच्या वर टेंगूळ. तुकड्यात दिसलं: बासचं डोकं झांजेच्या दांड्यावर आपटलं. ते हसले, ढोलवालाही हसला.

उजव्या हाताची लव गेली आहे. पाणी त्यावरून काचेवरून ओघळतं तसं ओघळतं. फोन आता कुठलंच बोट ओळखत नाही. रुग्णालयात गेले. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, काय काम करता? मी म्हटलं, जुनी वाद्यं तपासते. ते म्हणाले, काही रसायनं लागली असतील. मलम दिलं.

२७ मे, शनिवार

मिशिनासानशी फोनवर बोलले. माणूस दिलखुलास. आधी म्हणाले, तोक्योवाल्यांना विकलेला माल सोडवत नाही वाटतं. मी म्हटलं, आमच्या दुकानाची रीत आहे, नवा मालक दांडी उघडून खोबणीत आपलं नाव लिहितो, पूर्ण, आडनावासकट. मी हे कुठे ऐकलं आहे ते बोलता बोलताच आठवलं. थांबले नाही.

ते म्हणाले, झकास रीत आहे, लिहितो की. पण आत्ता नको. बास नव्या रूपात आला की लिहितो.

मी विचारलं, नवं रूप म्हणजे?

फ्रेट काढून टाकणार. सगळे. त्यांना सपाट दांडीवर बोट सरकवून वाजवायचंय. ओसाकातला एक कारागीर आहे, सोल्डरिंग आयर्नने एकेक फ्रेट तापवतो, पकडीने उपटतो, मग सगळी दांडी घासून आरशासारखी करतो. पुढच्या शनिवारी दुपारी. शिवाय बॉडीत एक जास्तीचा पिकअप बसवायचाय, त्यासाठी मशीनने खड्डा कोरायचा.

मी म्हटलं, असं करू नका. मूळचा आहे. अर्धी किंमतही राहणार नाही.

ते म्हणाले, "विकायला थोडाच घेतलाय, ताई? वाजवायला घेतलाय."

मग खरं सांगितलं. सगळं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. म्हणाले, ही गोष्ट कार्यक्रमात सांगितली तर चालेल का?

३१ मे, बुधवार

पुन्हा फोन. मी येऊन सही घेते म्हटलं. आधी सही, मग काय ते करा. ते म्हणाले, या ना, ताकोयाकी खाऊ घालतो. पण आत्ता बास त्यांच्याकडे नाही. कारागिराकडे ठेवलाय. शनिवारी ते तिथेच असतील. दुपारी तीनला. त्याआधी या, करतो सही, त्यात काय.

तोकितासानना फोन केला. लागत नाही. नंबर बदललाय.

त्यांच्या वेळी फ्रेट कुणी काढले नव्हते. दात नुसते झिजले होते. त्यांनाही हे माहीत नाही. कुणालाच —

२ जून, शुक्रवार

दिवसभर पाऊस. नागोयाच्या पुढे गाड्या बंद म्हणतात. उद्या सकाळी सुरू होतील म्हणतात. पहिल्या गाडीचं तिकीट आहे.

पाठ ताठली. दुपारी, अचानक, डोक्यापर्यंत. त्या कारागिराने सळई आवळली. दांडी सरळ करून घेतोय. काम चोख आहे त्याचं — फ्रेट काढायच्या आधी हेच करायचं असतं. मीही हेच सांगितलं असतं.

३ जून, शनिवार

गाडीत. हमामात्सुच्या अलीकडे उभी आहे. पाणी रुळांवर. सूचना येतात, क्षमा मागतात, पुन्हा क्षमा मागतात. शेजारच्या बाई डबा खातायत. मला विचारलं, बरं वाटत नाही का. मान हलवली. वळत नाही पण.

मिशिनासानना फोन. उचलला. मी उशिरा पोहोचेन, थांबा, हात जोडते, थांबा. म्हणाले, काळजी नको, सही नंतरही होईल की. मी म्हटलं नंतर नको — आवाज तुटला. बोगदा नाही काही नाही, तरी तुटला.

कारागिराचा नंबर नाही. दुकानाचं नावही विचारलं नाही मी. एवढी साधी गोष्ट. मी —

गाडी हलली. थांबली.

तारा सोडल्या त्याने. कळलं. छातीतून काहीतरी सैल — इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा मोकळा श्वास. चारही. एकामागून एक. बरं वाटलं. बरं वाटलं हेच वाईट.

मिशिनासानचा निरोप. एवढा जीव आहे तुमचा त्यावर, तर बघा तरी, म्हणून व्हिडिओ लावलाय. टेबल स्वच्छ. दिवा चांगला. बास उताणा, किती सुंदर, एक ओरखडा नाही. कारागीर म्हातारा, हात स्थिर. आयर्नचं टोक ओल्या कपड्यावर टेकवून बघतो, तापलंय का. मिशिनासान मागून म्हणतायत, बघा ताई, काही दुखत नाही त्याला —

डावीकडची शेवटची दाढ. गरम. जीभ लागली तर चटका. तो बॉडीकडच्या टोकापासून सुरू करतोय, बरोबर आहे, तसंच करतात, घाई करत नाही, लाकूड फुटू नये म्हणून हळूहळू —

पकड घेतली. कोपऱ्यातून उचलतोय. हिरडी सोबत —

बाई विचारतायत. तोंडावर रुमाल. निघाला. पूर्ण, सरळ, एकसंध. मिशिनासान म्हणाले, वा. म्हातारा तो उजेडात धरून बघतोय, मुळाला चिकटलेलं बघतोय, भुवई उंचावली त्याने, बोटाने पुसलं, लाल, आणि — थांबेल, आता तो थांबेल, कुणीही थांबेल — मिशिनासान म्हणतायत, गंजाचा रंग असेल, जुना आहे ना —

आयर्न पुन्हा कपड्यावर टेकवलं.

दुसरी गरम होते आ